तार नसलेलं भोक

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पण हे खरं घडलंय, माझ्या आईच्या सख्ख्या मामांच्या बाबतीत.

साल अठ्ठावन्न. वैशाखातली भर दुपार. अमरावतीचं टेलिफोन एक्स्चेंज.

उद्धवमामा तिथे ऑपरेटर होते. समोरच्या बोर्डावर शंभर भोकं, म्हणजे शंभरच फोन. शंभराव्या भोकाखाली एक जास्तीचं भोक होतं, पण त्याला तार जोडलेलीच नव्हती.

लांबचा आवाज शेंदूरजनाघाटसारख्या दूरच्या गावापर्यंत पोचायचा नाही. मग मधला ऑपरेटर एकाचं वाक्य ऐकून दुसऱ्याला सांगायचा. जसंच्या तसं. ‘ते म्हणतात’ म्हणायचं नाही, ‘मी’ला ‘मी’च म्हणायचं. मामांना या शिस्तीचा भारी अभिमान.

तारामामी पहिल्या बाळंतपणाला शेंदूरजनाघाटला, माहेरी गेल्या होत्या. रजा मिळाली की घ्यायला येतो, असं मामांनी कबूल केलं होतं. रजा काही मिळत नव्हती.

त्या दुपारी कानात खरखर झाली...

त्या जास्तीच्या भोकातून.

मामांनी सवयीनं फोन जोडायचा दोर त्यात खुपसला. बाईचा की बाप्याचा, कळेना असा आवाज आला, “शेंदूरजनाघाट द्या.”

गावात फोन एकच, संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे. मामांनी जोडून दिला. पलीकडे एक बाई बोलली, अगदी बारीक.

“मी घ्यायले येऊन राहिलो,” आवाज म्हणाला.

मामांनी पुढे सांगितलं, “मी घ्यायले येऊन राहिलो.”

“कवा?”

“आताच. तू निघ.”

मामांनी तेही सांगितलं.

पलीकडची बाई हसली...

ते हसणं मामांनी ओळखलं. ते ओरडले,

“तारा, तो मी नाही! निघू नको!”

लाइन मेली होती.

संध्याकाळी मेहुणा महादेवराव एसटीनं आला आणि दारातच बसला. तारा गेली, बाळही गेलं. व्यापाऱ्याचा फोन सकाळपासून बंद होता, आणि ती तर खाटेवरून उठलीच नव्हती.

“भर दुपारी एकदम हासली,” तो म्हणाला. “म्हणे, ‘ते आले मले घ्यायले. निघते मी.’”

मामांनी दुसरं लग्न केलं नाही. कुणाच्या घरून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो ना? मामा कधीच म्हणायचे नाहीत. मुकाट उठून चालू लागायचे.

रिटायर होईपर्यंत ते रोज दुपारी त्या भोकात दोर घालायचे. हळूच म्हणायचे, “मलेही घ्यायले या.”

तिकडून कधीच कुणी बोललं नाही.

साधी खरखरसुद्धा नाही...