शशिकलेचे चमचे

सोनागिरीच्या पलीकडे कारखान्याची वसाहत आहे ना, तिथले क्वार्टर म्हणजे एकाच साच्यातून काढलेले गणपती. पिवळी भिंत, हिरवं दार. शुद्धीतला माणूसही चुकायचा, मग आमचा नीळकंठ तर विचारूच नका! नावाचा नीळकंठ, पण विष गळ्यात थांबायचं नाही, थेट पोटात. कुणाच्याही दारात उभा राहून ओरडायचा, "शशिकले, उघड!" एकदा फोरमनच्या सासूनं उघडलं. म्हातारीनं लाटण्यानं असा आहेर केला की आठवडाभर बसता येईना.

मग बायकोनं, शशिकलेनं, जुने स्टीलचे चमचे तारेत ओवून दारावर टांगले. वाऱ्यावर ते किणकिणायचे आणि कान धरून आणल्यासारखा नीळकंठ बरोबर घरी यायचा. आला की तिला दंडाला धरून बाहेर काढायचा आणि आतून कडी लावून घोरायचा. पौषातल्या थंडीतसुद्धा. ती बिचारी त्या चमच्यांखाली पायरीवर कुडकुडत बसायची.

शेवटी घटस्फोट झाला. क्वार्टर नवऱ्याच्या नावावर, म्हणून निघावं लागलं तिलाच. जाताना तिनं फक्त चमचे काढून नेले. अशोका गार्डनला भावाकडे राहिली. पण थंडी छातीत बसली होती. चार महिन्यांत गेली.

नीळकंठ वर्षभरही थांबला नाही. मंडीदीपच्या सुधाचं स्थळ ठरवलं. "मी? थेंबसुद्धा शिवत नाही, काका!" मुलीच्या बापाला गळ्याची शपथ घेऊन सांगितलं आणि शपथ पचली म्हणून सरळ दारूच्या कलारीत शिरला.

"बाबूजी, कल सगाई है, आज बस करो," दारूवालासुद्धा म्हणाला. दारूवाला! ऐकलं नाही पठ्ठ्यानं.

दिवेलागणीला परतला तर वसाहतीची वीज गेलेली. सगळी दारं सारखीच काळी. वारा ठप्प. आणि तेवढ्यात...

किण... किण...

"आलं घर," नीळकंठ पुटपुटला. पाय आपोआप वळले. एक गल्ली, दुसरी गल्ली. ओल्या चुन्याचा वास येत होता आणि त्यातच जिऱ्याच्या फोडणीचा. दार उघडंच होतं. त्यानं चपला बाहेर काढल्या, आत गेला आणि सवयीनं कडी लावली. घट्ट.

चमचे थांबले.

"अहो..." अंधारात, अगदी कानापाशी, हलकेच कुणीतरी म्हणालं, "आज मला बाहेर काढायला विसरलात..."

त्याचा हात कडीवर गेला. कडी बर्फासारखी गार होती. बोटं चिकटली.

सकाळी सुधाचा बाप क्वार्टरवर आला तर कुलूप. चपला सापडल्या तिसऱ्या गल्लीत, मोडीत काढलेल्या क्वार्टरांच्या ओळीत. त्या ओळीची दारं-खिडक्या विटांनी बुजवून दोन वर्षं झाली होती. चपलांसमोरची भिंत फोडली, तर मागच्या जुन्या दाराला आतून कडी! दार मोडलं. ऐन चैत्रात नीळकंठ आत गारठून मेला होता, गुडघे पोटाशी घेऊन, पायरीवर बसल्यासारखा.

सुधाला पुढं चांगलं स्थळ मिळालं. नवरा सरळमार्गी. फक्त परवाच्या होळीला मित्रांनी आग्रह केला म्हणून त्यानं एक पेला ओठाला लावला. घरी परतला तर दारावर चमचे टांगलेले.

"हे कुणी लावले गं?" त्यानं विचारलं.

सुधानं तर ते तेव्हाच पहिल्यांदा पाहिले होते. वारा नव्हता. तरी किणकिणत होते.