कायमचं बंद

"हे दुकान बंद आहे ना?"

दुकानात बसलेल्या बाईला असं विचारणाऱ्या माणसाचं काय करावं? माझ्या मांडीवर एक प्रवासी बॅग होती, हातात सुई होती, दातांत दोरा होता. मी दोरा काढला.

"हो ना. मी भूत आहे. बोला, काय शिवून देऊ?"

तो हसला. गालाला खळी पडली, आणि मला त्या खळीचासुद्धा राग आला. गळ्यात नकाशाच्या कंपनीचं ओळखपत्र, पाठीवर सॅक. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. नकाशात आमची गल्ली होती, गल्लीत आमचं बॅगदुरुस्तीचं दुकान होतं, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं — कायमचं बंद.

अस्सं! चार महिने गिऱ्हाईक आटलं होतं. आबांची नजर कमी झाली, गादीवर मी बसले, तेव्हापासून. मला वाटायचं, माझ्याच टाक्यांत खोट आहे. शिवलेलं उसवून पुन्हा शिवत बसायची मी वेड्यासारखी! दादाने तर ही जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायचं पक्कं केलं होतं. तो माणूस येत्या रविवारी जागा बघायला येणार होता. आणि कारण काय, तर हे. आता रस्त्यात कोणी कोणाला विचारतच नाही. मोबाइल म्हणाला बंद, की बंद.

"कोणी केला हा उद्योग?"

"...मी."

"तुम्ही?"

"तीन वेळा शटर खाली दिसलं की 'बंद' लिहायचं, असा नियम आहे. मी तीनदा आलो होतो."

"किती वाजता?"

"दीडला... या गल्लीची माझी वेळ तीच असायची."

"दीडला मी वर आबांना जेवायला वाढते! अडीचला शटर पुन्हा वर! शेजारच्या चष्मेवाल्या काकांना विचारता येत नव्हतं?"

"फॉर्ममध्ये विचारायचा रकाना नाही," तो खाली मान घालून म्हणाला.

"जळो तुमचा फॉर्म!"

दुरुस्तीचाही नियम होताच. तीन दिवस, उघड्या दुकानाचे तीन फोटो. पहिला त्याने तिथेच काढला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "जरा हसा की."

"दुकान उघडं दाखवायचंय की माझे दात?"

तिसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. फोटो झाला, आणि त्याच्या सॅकची चेन अडकली. मी रनर बदलायला घेतला. तो दारात ओल्या केसांनी उभा.

"शहरातली प्रत्येक गल्ली पायाखालून गेलीय माझ्या," तो म्हणाला. "चेहरा मात्र एकही आठवत नाही. म्हणजे... आत्तापर्यंत आठवत नव्हता."

"आणि आता?"

"आता एक आठवतो. कपाळावर आठी असलेला."

मी रनर उलटा बसवला. काढून पुन्हा घालावा लागला. लाजच वाटली, आबांच्या हाताखाली शिकले तेव्हापासून असं कधी झालं नव्हतं.

चौथ्या दिवशीही तो आला, सहज. शुक्रवारीही येणारच होता, पण त्याआधी मी काकांच्या मोबाइलवर नकाशा उघडून बघितला. लाल अक्षरं जिथल्या तिथे.

तो आल्याबरोबर मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. त्याचं तोंड उतरलं.

"तिसरा फोटो... मी पाठवलाच नाही."

"का?"

"पाठवला की या गल्लीतलं माझं काम संपतं. मग तुमच्याकडे यायला निमित्त काय?"

दुसरी कोणी लाजली असती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझं दुकान जायला निघालंय आणि तुम्हाला निमित्त हवंय? आवडते तर तोंडाने सांगायचं! त्याचाही रकाना नव्हता का?"

त्याने तिथल्या तिथे फोटो पाठवला. नकाशा बदलायला तीन दिवस लागणार होते. रविवार परवावर आला होता.

"निघा," मी म्हटलं. तो गेला, आणि मी रडले. रागानेच रडले, निदान बरीचशी.

शनिवारी सकाळी एक बाई चाक तुटलेली बॅग ओढत आल्या. मग एक मुलगी, मग नवरा-बायको. दुपारपर्यंत सात बॅगा!

"तुम्हाला दुकान सापडलं कसं?" मी विचारलं.

"कोपऱ्यावर एकजण उभा आहे ना! बॅग दिसली की म्हणतो, नकाशा चुकलाय, चूक माझी आहे, दुकान उघडं आहे."

मी कोपऱ्यावर गेले नाही. इतक्या सहज नाही जायचा माझा राग.

रविवारी दादा कव्हरवाल्याला घेऊन आला. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दादाने बॅगा मोजल्यासारखं केलं, डोकं खाजवलं आणि कव्हरवाल्याला म्हणाला, "राहू दे. हिचं चाललंय की बरं."

तेव्हा मी कोपऱ्यावर गेले. तो होताच. घसा पार बसलेला, ओळखपत्र उलटं झालेलं.

"राग गेला?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"नाही."

"मला तुम्ही आवडता. हे तोंडाने सांगायला आलो होतो, पण मध्ये गिऱ्हाइकं येत राहिली..."

मला हसू फुटणार होतं. मी ते दाबलं.

"उद्या दीडला या."

"दीडला? तेव्हा तर दुकान बंद असतं."

"म्हणूनच. वर जेवायला या. आबांना बघायचंय, कोण हा दिवटा." मी परत फिरले, आणि चार पावलांवरून ओरडले, "आणि शटर खाली दिसलं म्हणून निघून जाऊ नका. हाक मारायची!"