कणगीतली गुणगुण

केशर कानाचं मशीन आणायला जोयड्याला गेली त्या दिवशी विशेष असं काहीच नव्हतं. भाताची कापणी उरकली होती, मळणीला दोन दिवस अवकाश होता. तेवढी सवड काढून ती एकटीच बसमध्ये बसली आणि दिवस मावळायच्या आत आपल्या गावी, गुंदला, परतही आली. येताना लेकीसाठी केळी आणली, घरासाठी मीठ आणलं. नवरा, नागराज, सकाळी म्हणाला होता, "लग्नाला दहा वर्सं झाली, चाललंच की मशीनबिगर." त्याचं चाललं होतं हो. हिचं चाललं होतं का, हे विचारायची तसदी त्याने कधी घेतली नव्हती.

सहाव्या वर्षी तापात केशरचे कान गेले. समोरच्याचे ओठ बघून तिला बोलणं समजे, आणि स्वतः बोलली की आवाज जरा मोठा लागे, एवढंच. बाकी बाई कामाला वाघीण. लग्नाला मात्र स्थळ येईना. मग गुंदहून काशी आली, नागराजची आई. मुलीला स्वयंपाक येतो का, शेतातलं येतं का, काही विचारलं नाही. कानाजवळ तोंड नेऊन मोठ्याने ओरडून बघितलं आणि केशरच्या आईला म्हणाली, "काहीच ऐकू येत न्हाई? बरं हाय." पाच मिनिटांत लग्न ठरलं. गावभर काशीचं कौतुक, काय मोठं मन बाईचं! मोठं मन म्हणे! मला ते आठवलं की अजून डोक्यात तिडीक जाते. मऊ आवाजात ही गोष्ट सांगायला मला जमायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

तर लाडू. केशरची मुलगी, सहा वर्षांची. लाडू बोलत नसे. हाक मारली तर बघेलच असं नाही, अंगाला हात लावलेला तिला खपत नसे, पण दिवसभर गुणगुणत असे. केशरला ते कधी ऐकू आलं नव्हतं. कधीमधी पोर आपणहून कुशीत शिरली की केशरच्या छातीच्या हाडाला ती गुणगुण जाणवायची. तेवढ्यासाठी तिला मशीन हवं होतं. आपल्या लेकीचा आवाज ऐकायचा, बस्स.

मशीन बसवणाऱ्या शिल्पामॅडमनी समोर बसून सावकाश सांगितलं होतं, "पहिले पंधरा दिवस डोकं उठेल. प्रत्येक आवाजाचा मालक शोधायचा. हा पंख्याचा, हा भांड्याचा, हा आपल्याच बांगड्यांचा. मालक सापडला की डोकं गप्प होतं. मग सवय होते, आणि सवयीचा आवाज माणसाला ऐकूच येत नाही."

डोकं उठलंच. केरसुणी एवढी खरखरते हे तिला माहीत नव्हतं. सासू जेवताना एवढा आवाज करते हेही नव्हतं. बल्बला आवाज असतो, मिठाच्या डब्याच्या झाकणाला असतो, स्वतःच्या गिळण्याला असतो. चिडचिड चिडचिड झाली तिची. पण ती हट्टाने एकेकाचा मालक शोधत हिंडली. आणि लाडूची गुणगुण ऐकली. दोनच सूर, एक वरचा एक खालचा, मध्ये नाकातून घेतलेला छोटा श्वास. केशर मागच्या दारात बसून ढसाढसा रडली. लाडू केळं खात होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. नागराज आणि काशी खळ्यावर होती. केशर भाताची खोली झाडायला गेली. त्या खोलीला खिडकी नाही. कोपऱ्यात पुरुषभर उंचीची जुनी कणगी, बांबूच्या कांबट्यांनी विणलेली आणि शेणाने लिंपलेली. वर्षाचा भात त्यात राहायचा. आत्ता ती रिकामी होती, तळाला नवा पेंढा पसरलेला. खोलीत शेणाचा, जुन्या भाताचा, उंदरांचा वास. आणि गुणगुण.

केशरला वाटलं, लाडू आत आली. मागे बघितलं तर कुणी नाही. दाराबाहेर डोकावली, तर लाडू अंगणात उन्हात बसलेली, तोंडात फडक्याचं टोक, गप्प. केशर परत आत आली. दोन सूर, एक वरचा एक खालचा. तेच. फक्त मध्ये श्वास नव्हता. आवाज कणगीतून येत होता. तिने मशीनचं बटण फिरवून आवाज बारीक केला, तर केरसुणी बारीक झाली, गुणगुण तेवढीच राहिली.

तिने केरसुणी तिथेच टाकली आणि थेट खळ्यावर गेली.

"आत्या, भाताच्या खोलीत गुणगुणतंय कोण?"

काशीच्या हातातलं सूप थांबलं. "तुझी पोरगी. आनी कोण?"

"लाडू अंगणात हाय."

"मग मशीन खराब आसंल... परत देऊन ये ते." काशी नागराजकडे वळली, आणि तोंड फिरवून काहीतरी बोलली. आता ते केशरला ऐकू येत होतं, हे सासू विसरली. काशी म्हणाली होती, "म्हनून सांगत हुते, हिला कान नगंत."

केशरच्या अंगाची लाही लाही झाली. रात्री तिने नागराजला धरला. तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि म्हणाला, "असतंय जुन्या घरात. तुलाबी व्हईल सवय." एवढंच. 

मळणी झाली. रास घरात आणायचा दिवस आला. आता ही रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. त्या घरात भात कणगीत भरताना कुणी शब्द काढायचा नाही. पहिली पाटी ओतल्यापासून शेवटच्या पाटीपर्यंत सगळे मुके. खोकलासुद्धा दाबायचा. शब्द निघाला की बरकत गेली, मग वर्षभर घराला भात पुरत नाही. काशीचा यावर जीव. म्हणून तिने सकाळीच फर्मान काढलं, लाडूला शेजारी परशूकाकांच्या घरी नेऊन सोडा, तिच्या तोंडाला थारा न्हाई. नागराज सोडून आला. दुसरं फर्मान केशरला, "ते मशीन शिट्टी मारतंय. काढून ठेव." मारायचं खरं, कानात नीट बसलं नाही की. केशरने मुकाट्याने मशीन काढून डबीत ठेवलं. पुन्हा सगळं बंद झालं. खरं सांगायचं तर तिला जरा बरंच वाटलं.

चार वाजता सुरुवात झाली. परशूकाका, नागराजचे चुलते, शिडीवर. नागराज आणि दोन गडी पाट्या आणत होते, केशर आणि काशी भरून देत होत्या. परशूकाका पाटी घ्यायचे, कणगीच्या तोंडावर उलटी करायचे. आत अंधार, वरून धुरळा. पाच पाट्या झाल्या. दहा झाल्या. 

अकराव्या पाटीला केशरच्या हातातून भात सांडला.

तिला गुणगुण ऐकू आली होती. मशीन बाहेर, फळीवर डबीत होतं. तरी स्पष्ट ऐकू आली... दोन सूर, मध्ये श्वास नसलेले. ती कणगीपाशी गेली. लिंपणावर कान टेकवला. त्या गुणगुणीच्या मागे अजून एक होती. तेच दोन सूर, आणि मध्ये नाकातला छोटा श्वास. श्वास आखूड होत चालला होता.

"लाडू आत हाय!" केशर ओरडली.

सगळे दगडासारखे उभे. काशीने ओठांवर बोट ठेवलं. नागराजने केशरचा दंड धरला आणि डोळे वटारले. आणि परशूकाकांनी, काय सांगू तुम्हाला, हातातली पाटी ओतली! रीत म्हणे!

केशरने नागराजच्या हाताला कडकडून चावा घेतला. भिंतीवरचा कोयता उपसला आणि कणगीच्या पोटात घातला. एकदा, दोनदा, दहादा. लिंपण फुटलं, कांबट्या तुटल्या, भाताचा लोंढा तिच्या पायांवर आला. ती हातांनी उपसत राहिली, नखं उलटली तरी उपसत राहिली. मग एक पाय लागला. पेंढ्यासकट तिने लेकीला बाहेर ओढलं.

लाडू शेजारून कधी निसटून आली, शिडी चढून कणगीत कधी उतरली, कुणाला पत्ता नव्हता. पेंढ्यात शिरून झोपली असावी. अंग गार पडलेलं, पण श्वास चालू होता. सगळं अंग धुळीने माखलेलं, कानांत भात, केसांत भात. तोंडात आणि नाकात मात्र एक दाणा नाही. आणि तोंडावर एका हाताचा ठसा. पाच बोटं, लहान तळवा, ओठांवर घट्ट दाबलेला, नाक तेवढं मोकळं. लाडूचा हात त्याहून लहान होता.

काशीने तो ठसा बघितला आणि भातातच बसली. तिचे ओठ हलू लागले. केशरला ऐकू येत नव्हतं, तिने ओठांवरून वाचलं.

"मंगल..."

मंगल म्हणजे नागराजची बहीण. नऊ वर्षांची असताना तापाने गेली, असं केशरला लग्नात सांगितलं होतं.

"ताप न्हवता," काशीचे ओठ म्हणाले. "लाडूसारकीच हुती. दिसभर गुणगुणायची. रास भरताना... मलाबी ऐकू येत हुतं. वाटलं, गुणगुणतीय कुटंतरी. रोजचंच ते. सवय झालती. मग कणगीतनं येतंय वाटलं... पर रास निम्मी झालती. शब्द कसा काडायचा?"

"कुणा कुणाला ऐकू आलं?" केशरने विचारलं.

काशीने शिडीकडे बघितलं. तेव्हाही शिडीवर परशूकाकाच होते. मग नागराजकडे बघितलं. दहा वर्षांचा होता तो, पाट्या आणून देत होता. नागराजने मान खाली घातली.

"आनि तो भात?"

 परशूकाकांचे ओठ हलले, "वरीसभर पुरला."

केशर किती ओरडली ते तिलाच ऐकू आलं नाही. गावाला आलं. "कानवाले तुम्ही! पाच माणसं उभी हुता, आनि बहिरीला ऐकू यावं लागलं व्हय?" ती म्हणत होती ते असंच काहीतरी. लाडूला कडेवर घेऊन ती त्याच पावली दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, पोरगी वाचली हे नशीब. लाडूच्या तोंडावरचा ठसा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेला.

आठवडाभराने केशर कपडे आणि भांडी न्यायला घरी आली, माहेरी जायचं ठरवूनच. तर काशी चुलीपुढे बसलेली. तिच्या तोंडावर ठसा. पाच बोटं, लहान तळवा, नाक मोकळं. त्या सकाळी उठली तेव्हापासून काशीला शब्द काढता येत नव्हता. पुसून झालं, तेल लावून झालं, देवाचा अंगारा झाला. दोन दिवसांनी परशूकाकांच्या तोंडावर उमटला. तेही मुके झाले. त्यांचे ठसे मात्र अजून गेलेले नाहीत.

आता नागराज महिन्यातून दोनदा सासुरवाडीला येतो. दारातच थांबतो. फोनच्या काचेत तोंड बघतो, गालावरून हात फिरवतो, दाढीसुद्धा रोज करतो, म्हणजे काही उमटलं तर लगेच दिसावं. मग विचारतो, "केशर... काय दिसतंय काय गं, माज्या तोंडावर?"

केशरच्या कानात मशीन असतं. तिला स्वच्छ ऐकू येतं. ती त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघते, आणि काही न बोलता आत निघून जाते.