चारशे बारा चुका

सुनेचं वागणं चंद्राबाईंना पहिल्यापासून खटकत होतं, आणि खटकलेलं मनात ठेवायची त्यांना सवय नव्हती. शलाका मोठी शास्त्रज्ञ, कबूल. पण स्वतःचा आवाज यंत्रात भरून ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगायचं, सकाळी सातला प्रयोगशाळा गाठायची आणि पोर निजल्यावर घरी यायचं, ही कुठली तऱ्हा? "माझ्या सासूनं मला लई छळलं," त्या शेजारणींना सांगत, "पण ती सोता छळायची. त्याला यंत्र न्हवतं ठेवलं."

आज त्या स्वतःच कागलच्या माळावरच्या बालमती प्रयोगशाळेत येऊन बसल्या होत्या. मुलगा दोन वर्षांसाठी दक्षिण ध्रुवावरच्या संशोधनतळावर गेलेला, त्यामुळे आईखेरीज दुसरं पालक म्हणून त्यांची सही लागत होती. चार वर्षांची जुई काचेपलीकडच्या खेळघरात लाकडी ठोकळे रचत होती. टेबलावर संमतिपत्र होतं. सही झाली की उद्या सकाळी जुई बंगळूरच्या उपचारकेंद्रात जाणार होती. सहा महिने तिथंच राहायचं आणि मेंदूला मंद विद्युत्स्पंद देणारी टोपी रोज चार तास डोक्यावर ठेवायची.

"चौथीतनं शाळा सुटली माझी," चंद्राबाई म्हणाल्या. "सही येते, पण समजल्याबिगर करत न्हाई. पोरीला काय झालंय ते मला समजंल असं सांगा."

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. तेंडोलकर सावंतवाडीकडचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"आजी, तीन वर्षांचं मूल वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणतं. पण तीन शेंगा दे म्हटलं तर मूठभर देतं. शब्द आणि वस्तू यांची गाठ मनात पडावी लागते. ती घरातच पडते. ताटं मांडताना, जिना चढताना, पेरूच्या फोडी वाटून घेताना. म्हणून आमचा अंकसोबती, तुमच्या भिंतीवरचं ते यंत्र, घरात असतो. मुलाच्या हातात काय आहे ते तो बघतो आणि त्याबद्दलच विचारतो."

"आणि पोरानं सांगितलं की?"

"बरोबर असेल तर गप्प बसतो. पुढचा प्रश्न दुसऱ्या दिवशी. ज्याला येतंय त्याच्या मागं लागायचं नाही, त्याला आपलं आपण वाढू द्यायचं. चुकलं की मात्र जवळ बसवून समजावतो, गोष्ट सांगतो, गाणं म्हणतो. सगळं आईच्या प्रतिस्वरात, म्हणजे यंत्रानं उचललेल्या तिच्या आवाजात, कारण लहान मुलं त्या आवाजाला सगळ्यात जास्त कान देतात. जितक्या चुका, तितका वेळ. कल्पना शलाकाचीच. देशभर नाव झालं तिचं."

शलाका खिडकीशी उभी होती. डोळे सुजलेले. तिनं भिंतीवर जुईचा प्रगतिपट उघडला.

"सहा महिन्यांत चारशे बारा प्रश्न झाले, आई. सगळे एक ते पाचातले. एकही उत्तर बरोबर नाही. पटावर शून्य. याच्या खाली पातळीच नाही. याला संख्यांधत्व म्हणतात."

"मी तुला म्हटलं हुतं, पोरीला येतंय. चार वाट्या आण म्हटलं की चारच आणती."

"आणि मी सांगितलं होतं, माणसं बघून वाट्या आणणं वेगळं आणि संख्या कळणं वेगळं. तुमची माया आहे, म्हणून तुम्हाला तसं वाटतं."

"माया गेली चुलीत," चंद्राबाई शांतपणे म्हणाल्या. "एकबी बरोबर न्हाई म्हणालीस न्हवं? चुकून सुदिक न्हाई?"

"नाही."

चंद्राबाई त्या मोठ्या शून्याकडं बघत राहिल्या. मग पेनाला टोपण लावून त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"इचलकरंजीत तीस वर्सं मी मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, डॉक्टर. नवी पोरगी कामावर आली की दहातल्या सात कांड्या बिघडवायची. कुठं सूत ढिलं, कुठं गाठ. पण तीन आपसूक जमायच्याच, तिला न कळता. मग एक शारदा म्हणून आली. तिच्या दहातल्या दहा बिघडल्या. रोज. मालक म्हणाला, हिला काढा, हिला अक्कल न्हाई. मी म्हटलं, थांबा, एवढं नेमानं बिघडवायला हात तयार लागतो. निघालंबी तसंच. तिला कांडी सोडून मागावर बसायचं हुतं."

तेंडोलकरांनी चष्मा काढला आणि पुसायचं विसरून तो तसाच हातात धरला.

"एक ते पाचातला कुठलाही आकडा," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "नुसता डोळे मिटून सांगितला, तरी पाचातला एक बरोबर येतो. चारशे बारात ऐंशीएक तरी यायला हवेत. शलाका, तिनं दिलेली उत्तरं दाखव. नुसते गुण नकोत."

गुणांच्या आड झाकलेला रकाना शलाकानं उघडला. दोन शेंगा, उत्तर तीन. चार ताटं, उत्तर पाच. पाच पायऱ्या, उत्तर सहा. तिनं बोट सरकवलं, आणखी सरकवलं. रकाना खालपर्यंत तसाच होता.

"प्रत्येक वेळी एक जास्त," ती पुटपुटली. "म्हणजे आधी मोजलं आणि मग त्यात एक मिळवला."

"चारशे बारा बेरजा," तेंडोलकर म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी शून्य बघितलं आणि तळ लागला म्हणून थांबलो."

"पण का? खोटं का बोलेल ती?"

"ते आत्ता ह्यांनीच सांगितलं की," चंद्राबाई म्हणाल्या. "बरोबर बोललं की आई गप. चुकलं की आई जवळ बसवती. तुमचं यंत्र उलटं करता येतंय का, डॉक्टर? बरोबर आलं की बोलंल आणि चुकलं की गप, असं?"

नियम फिरवायला दोन मिनिटं लागली. काचेपलीकडच्या भिंतीतल्या अंकसोबतीतून शलाकाचा आवाज आला, "जुई, तुझ्यासमोर किती ठोकळे?" समोर तीन होते.

"चार," जुई म्हणाली आणि मान वर करून वाट बघू लागली. भिंत गप्प राहिली. तिनं जवळ जाऊन भिंतीला हात लावून बघितला.

थोड्या वेळानं दुसरा प्रश्न आला. पाच ठोकळे. "सहा." पुन्हा शांतता. जुईचा ओठ वाकडा झाला. शलाका दाराकडं निघाली, तेव्हा चंद्राबाईंनी तिचं मनगट धरलं. "एकदाच. बघू दे तुला."

तिसऱ्या प्रश्नाला जुईनं बराच वेळ लावला. ठोकळ्यांकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. मग हळूच, चोरटं काही करत असल्यासारखं म्हणाली, "दोन?"

"बरोबर, माझी सोनू. दोनच आहेत. आता मी तुला दोन चिमण्यांची गोष्ट सांगते..."

गोष्ट संपताच जुई कामाला लागली. प्रश्नाची वाट न बघता तिनं खोक्यातले ठोकळे ओढून काढले, ओळ लावली आणि एकेकावर बोट ठेवत भिंतीला सांगितलं, "सतरा. सतरा आहेत. बोल ना."

तेंडोलकरांनी तोवर दुसरा पट उघडला होता. जिल्ह्यात संख्यांध ठरलेली अडतीस मुलं. सहा मुलांची काही उत्तरं योगायोगानं बरोबर होती, त्यांना खरंच उपचार हवे होते. बत्तीस मुलांसमोर स्वच्छ शून्य होतं. त्यांतली नऊ बंगळूरला पोचलीही होती. तेंडोलकरांनी फोन उचलला आणि केंद्राला टोप्या ताबडतोब बंद करायला सांगितलं. मग त्या नऊ घरांचे नंबर ते एकेक करून लावू लागले.

शलाका काचेला टेकली होती.

"मला वाटलं, माझा आवाज घरात आहे म्हणजे मी आहे. आणि घरी आले की ती निजलेली असायची."

चंद्राबाईंनी संमतिपत्राची घडी घातली आणि कमरेला खोचली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तयार कांडी पारखून बाजूला ठेवावी, तशा त्या बोलल्या.

"पोरीला गणित येतंय. तू शिकवलंस, ते चांगलंच शिकवलंस, त्यात खोट न्हाई. पण तुझ्यासंगं घटकाभर बसायला मिळावं म्हणून तिला सहा महिनं मठ्ठ व्हावं लागलं, ही चूक तुझी, शलाका, यंत्राची न्हवं. आजपास्नं संध्याकाळी सहाला घरी यायचं आणि ताटं तिच्यासंगं मांडायची. किती झाली ते तू विचारायचं. आणि तिनं बरोबर सांगितलं म्हणून उठून जायचं न्हाई."