जवळचा कोणीतरी

माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मिशिगनच्या उत्तर टोकाला आमच्या गावची सहकारी टेलिफोन संस्था आहे. तिथे मी तारा ओढायचो. माझी बहीण लेम्पी, जिनं मला चाळिशीनंतर लिहायवाचायला शिकवलं, ती आता प्राणवायूच्या यंत्रावर होती. तिचा श्वास अडला की यंत्र इंटरनेटवरून दवाखान्याला निरोप धाडायचं आणि तिकडून ‘मिळालं’ असं उत्तर यायचं.

यंत्राचा इंटरनेटवरचा पत्ता नव्या पद्धतीचा, आमचं जाळं जुन्या पद्धतीचं. म्हणून निरोप जुन्या लिफाफ्यात घालून एका सामाईक पत्त्यावर सोडायचा. देशभर तो पत्ता लावून बसलेल्या यंत्रांपैकी जे सर्वांत जवळ असेल, ते लिफाफा फोडून निरोप पुढे पाठवी. ते कोणाचं, हे कोणी विचारत नसे. आम्ही त्याला ‘शेजारी’ म्हणायचो. ही रीत केव्हाच मोडीत निघाली होती. एकेक करत सगळे शेजारी बंद झाले.

तरी उत्तरं येत राहिली. आधी चाळीस मिलिसेकंदांत, शिकागोहून यावीत तशी. जानेवारीत नऊ. मग दोन.

उत्तरांच्या वेळा लिहिलेला कागद घेऊन मी संस्थेचा व्यवस्थापक मर्ल हॅस्केटकडे गेलो. “दोन म्हणजे गावातच. गावात असं यंत्र कोणाकडे आहे?”

“म्हणजे सेवा सुधारली की, टोइवो!” तो हसला. “तुम्ही खांबावर चढा. उत्तर येतंय ना?”

“कोणाचं?”

“डोनट घ्या.”

माझं डोकं फिरलं. तसाच लेम्पीकडे गेलो.

“दवाखानेवाले हल्ली भलतेच तत्पर झालेत,” ती म्हणाली. “मला धाप लागायच्या आत ‘मिळालं’ येतं.”

दवाखान्याला फोन केला. तीन आठवड्यांत त्यांना एकही निरोप मिळाला नव्हता.

मी यंत्राची इंटरनेटची तार भिंतीतून उपसली आणि यंत्रावरचं चाचणीचं बटण दाबलं.

मिळालं. शून्य मिलिसेकंद.

तार माझ्या हातात होती.

“अरे, बघत काय बसलास?” लेम्पी म्हणाली. “लाव ती परत.”

लावली. आणि मूर्खासारखा, तिला एकटी सोडून, मर्लच्या अंगावर धावून गेलो.

“ती जुनी सोय आत्ताच्या आत्ता काढ!”

“सोमवारी काढू. एवढं काय पेटलंय?”

मी त्याची कॉलर धरली. आम्ही वीस मिनिटं भांडलो.

तेवढ्या वेळात लेम्पीच्या यंत्रानं दवाखान्याला चौदा हाका मारल्या होत्या; नंतर यंत्राच्या नोंदीत दिसलं. चौदा वेळा ‘मिळालं’ आलं. शेवटचं उत्तर हाकेच्या एक सेकंद आधीचं होतं.

लेम्पी हार्यू एकोणीस फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वारली. दवाखान्याला मी कळवलं.