जानकीचा मृत्युलेख

ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते आमचे विद्याधरकाका. गोष्ट रंगवून सांगणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. म्हणून मी हे खरं मानतो.

साल १९५४. ऑक्टोबरातला मंगळवार, दुपारी तीनचा सुमार. ठिकाण घाटकोपर.

स्टेशनजवळच्या एका लहानशा छापखान्यातून एक साप्ताहिक निघायचं. संपादक काका, बातमीदारही काकाच. आतल्या बाजूला धोंडू शिशाचे खिळे जुळवत बसायचा. त्याची टकटक दिवसभर चालू असायची.

त्या दुपारी टकटक थांबली...

काकांनी मान वर केली. दारात एक बाई उभी होती. तिशीची असेल. नऊवारी लुगडं, हात रिकामे.

"मृत्युलेख द्यायचाय," ती म्हणाली.

"निधनवार्ता म्हणायचंय का तुम्हाला? कोण वारलं, कधी वारलं, मागे कोण आहे. तीन ओळींत काम होतं."

"आणि मृत्युलेख म्हणजे?"

"त्यात माणूस कसा जगला ते येतं. पण तो मोठ्या माणसांवर लिहितात, बाई. पुढारी, वकील, डॉक्टर."

"मग तोच हवा. लिहा."

का कोण जाणे, काकांनी टाक उचलला.

जानकी सहदेव तोरस्कर. चौदाव्या वर्षी लग्न होऊन राजापूरहून आली. सासूचं अर्धं अंग गेलं, तेव्हा आठ वर्षं तिचं सगळं केलं. चाळीतल्या सहा बायकांना पाटीवर अक्षरं शिकवली. नवऱ्यापुढे कधी आवाज चढवला नाही.

"एकदाच चढवला," बाई म्हणाली.



"कधी वारल्या?"

"ते घरी विचारा." तिने चाळीचा पत्ता सांगितला.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

तिने नुसतं कागदाकडे पाहिलं. काकांनी कागद पुढे केला, तर तिने हात लावला नाही.

"तुम्हीच वाचा. माझा चष्मा घरी राहिलाय."

काकांनी सगळं वाचून दाखवलं. मान वर केली, तर दार रिकामं.

आतली टकटक पुन्हा सुरू झाली होती...

"धोंडू, मघाशी काम का थांबवलंस रे?"

"मी खंय थांबलंय, भाऊ? अर्धो कॉलम झालो की."

काकांना संशय आला. जिवंत माणसाची निधनवार्ता छापून आणून सूड उगवणारे लोक त्यांनी पाहिले होते. शहानिशा केल्याशिवाय छापायचं नाही, हा त्यांचा नियम.

संध्याकाळी त्यांनी चाळ शोधून काढली. सहदेवने दार अर्धंच उघडलं. गिरणीतून नुकताच आलेला दिसत होता.

"जानकीबाई आहेत?"

"माहेरी गेलीय. दोन महिने झाले."

"त्या वारल्या असं आमच्याकडे छापायला आलंय."

एखादा चिडला असता. कोणी दिलं म्हणून अंगावर आला असता. सहदेव चिडला नाही.

त्याने एवढंच विचारलं...

"तारीख कोणती घातलीय?"

काकांची नजर आपोआप आत गेली. फळीवर एक चष्मा होता. लहान, बायकी, एका काडीला दोरा गुंडाळलेला.

"चष्मा न घेताच गेल्या?"

सहदेवने दार लावून घेतलं.

शेजारची नलिनी जिन्यापर्यंत मागे आली.

"जाताना कोणालाच दिसली नाही हो ती," ती हळू आवाजात म्हणाली. "आम्हाला पाटीवर शिकवायची. न सांगता जाणार नाही."

काकांनी तिच्याकडून जानकीच्या भावाचा पत्ता घेतला आणि राजापूरला कार्ड टाकलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं.

'जानकी इकडे आलेली नाही. ती तिथेच आहे ना?'

ते कार्ड घेऊन काका पोलिसांकडे गेले. तोवर खोलीला कुलूप लागलं होतं. सहदेव गिरणीतही नव्हता. पोलिसांनी कुलूप तोडलं, जमीन ठोकून पाहिली. जानकी सापडली नाही. तोही नाही. चष्माही नाही.

छापखान्याचे मालक नको म्हणत होते. पुरावा काय, असं त्यांचं म्हणणं. काकांनी तरी लेख छापला, तारखेशिवाय. नलिनी स्वतः येऊन अंक घेऊन गेली. पायरीवर बसून तिने बोट ठेवत एकेक अक्षर वाचलं. अर्धा तास लागला.

मृत्युलेख सांगणारी ती बाई पुन्हा कधी आली नाही.

त्यानंतर कोणीही निधनवार्ता घेऊन आलं की काका आधी त्याला बसवायचे. समोर पाण्याचा पेला ठेवायचे. तो घोटभर प्यायल्याशिवाय टाक उचलायचे नाहीत. रडून आलेल्या माणसाला पाणी द्यावं, एवढंच असेल, असं आम्हाला वाटायचं.

काका निवृत्त झाल्यावर मी एकदा त्या पाण्याबद्दल विचारलं.

"वीस वर्षांत दोघांनी पाण्याला हात लावला नाही," ते म्हणाले. "एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं मी काही न विचारता छापलं. आणि दुसरं माणूस आपल्याच घरातलं..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि विषय बदलला.

ते माणूस कोण, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.