न विझणारे अर्थ

वत्सला केळुसकरांचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते आणि दिगंबर खांबेट्यांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. मागणी साधी होती. दोघांनी मिळून केलेल्या इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती निघत होती. त्यातली 'सेट' या शब्दाची नोंद खांबेट्यांनीच लिहावी, असं वत्सलाबाईंचं म्हणणं होतं. 'हो की नाही, एका ओळीत कळवा,' असं त्यांनी खाली लिहिलं होतं.

पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एखादा शब्द कानावर पडला की खांबेटे नुसते थांबून राहत. "आजोबा, अलार्म सेट करू?" असं नातसून विचारी आणि उत्तर येईपर्यंत ती दुसऱ्या खोलीत पोचलेली असे. आपला मेंदू विझत चालला आहे, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती. तसं असेल तर कोशाला हात लावायचा नाही, हेही त्यांनी ठरवलं होतं. एकदा खात्री करून घ्यावी म्हणून आज ते प्रयोगशाळेत डोक्यावर तारांची टोपी घालून बसले होते.

"सेट," मेंदूतज्ज्ञ डॉ. अल्मास बागवान म्हणाल्या.

समोरच्या अर्थपटावर, म्हणजे डोक्यात जागे झालेले अर्थ दाखवणाऱ्या पडद्यावर, दिवे लागले. प्रत्येकाखाली नाव होतं: चहाचा सेट, टेनिसचा सेट, नाटकाचा सेट, गणितातला संच, हाड बसवणं, दही लागणं, सूर्य मावळणं, आणि असे शंभरावर.

"हे सगळं माझ्या डोक्यात?" खांबेटे संकोचून म्हणाले.

"सगळ्यांच्याच. शब्द ऐकला की मेंदू त्याचे माहीत असलेले सगळे अर्थ पेटवतो. मग संदर्भ पाहून एक ठेवतो आणि बाकीचे विझवतो. पाव सेकंदात. म्हणून आपल्याला वाटतं, अर्थ एकच होता. आता ऐका: जेली सेट झाली."

दोघं पटाकडे बघत राहिले. जेलीचा दिवा थोडा उजळला. बाकीचे तसेच.

"काका, तुमचे दिवे विझतच नाहीत!"

"म्हणजे बिघाडच. वाटलंच होतं मला."

"थांबा हो! पेटायला उशीर झाला असता तर बिघाड. तुमचे एकशे चौतीस दिवे माझ्या विद्यार्थ्यांच्या वेगानं पेटले. उशीर होतोय तो विझवायला. आयुष्यभर काय काम केलंत?"

"कोशाचं. एका कार्डावर एक अर्थ लिहायचा. कुठलाही अर्थ हातून सुटू द्यायचा नाही, एवढंच काम."

"मग मेंदू तेच शिकला. भाजीवाला वैतागेल तुमच्यावर. कोशाला मात्र असाच माणूस हवा."

खांबेट्यांचे कान लाल झाले. "म्हणजे मी त्यांना 'हो' कळवू?"

"कोणाला?"

त्यांनी पत्राची हकिगत सांगितली. डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे रेलून हसल्या. "एका ओळीला अकरा महिने?"

"ओळ लिहिली होती. तेवीस वेळा." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "'हो' लिहिलं की वाटायचं, कुठलं हो? काम करतो, हे? तुमच्याशेजारी पुन्हा बसायला आवडेल, हे? की तुमचं हसू फार दिवसांत ऐकलं नाही, हे? ठरेना. मग सवयीनं प्रत्येक वेगळ्या कार्डावर लिहिलं. नंबर घालून."

"मग आता त्यातलं एक निवडा आणि पाठवून द्या!"

खांबेट्यांनी पटाकडे बोट दाखवलं. एकशे चौतीस दिवे अजून लखलखत होते. "तेवढंच तर मला जमत नाही, असं तुमचं यंत्र म्हणतंय."

आणि खांबेटे बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसले.

दुपारी पोस्टाच्या खिडकीपाशी त्यांनी चोविसावं कार्ड लिहिलं: 'नोंदीला आजच सुरुवात करतो.' ते घरून आणलेल्या बुटांच्या खोक्यात बाकीच्या तेवीस कार्डांवर ठेवलं, सुतळी बांधली आणि खोकं आत सरकवलं.

कारकुनानं ते काट्यावर ठेवलं. "काय आहे यात, आजोबा?"

"पत्राचं उत्तर," खांबेटे म्हणाले. "एका ओळीत मागितलं होतं."